मानेवरचा घाम

आधी एक सांगून टाकते, मी नागपूरची आहे. थंडी म्हणजे काय ते बंगलोरच्या लोकांनी मला शिकवू नये, असं मला वीस वर्षं वाटत आलं. इथं डिसेंबर लागला की ऑफिसात माणसं कानटोप्या घालून येतात, लिफ्टमध्ये हात चोळत उभी राहतात, आणि बाहेर असतात पंधरा-सोळा अंश. मी अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घालून त्यांच्यात उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, काय बाप्पा, एवढ्यात गारठले! हा माझा माज होता. दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि तो माज मी केला, पण भोगला माझ्या मुलीनं.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. शंभर आणि दोनशे मीटर पळायची. मीही कॉलेजात पळायचे, पण विद्यापीठाच्या संघापुढं माझी मजल गेली नाही. ती मात्र खरी पळणारी होती. तिचा पाय जमिनीवर पडला न पडला तोच उचललेला असायचा. मैदानाबाहेर गाडीत बसून मी डोळे मिटले, तरी बाकीच्या मुलींच्या पावलांतून तिची पावलं मला वेगळी ऐकू यायची. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. नंतर मोठ्यांच्या गटात नवख्या पोरीला कोण विचारतं? त्यामुळं जे काय व्हायचं ते ह्याच हिवाळ्यात, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं.

आम्ही राहायचो बेळ्ळंदूरला आणि मैदान होतं थेट राजाजीनगरकडे, म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. इतक्या लांब जायचं कारण म्हणजे तिथले अण्णा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, अंगानं काटकुळे. घराणं मराठी, पण किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, कारण निम्मी कानडी. थंडीला ते चळी म्हणायचे. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे असून मला अक्का म्हणायचे आणि मैदानावरच्या झाडून सगळ्या मुलींना पुट्टी, म्हणजे छोटी. लाल मातीचं साधं मैदान, सुरुवातीला पाय रोवायचे ब्लॉक खिळ्यांनी ठोकून बसवायचे, पण त्या मैदानावरून पळून गेलेल्या पोरी कुठं कुठं पोचल्या होत्या. अण्णा शिकवण्याचे काही घ्यायचे नाहीत, फक्त वेळेवर या म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. चळी लागली की मानेला घाम आल्याशिवाय स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, पायात घालायचे नाहीत. नोव्हेंबर संपत आला की हा नियम सुरू व्हायचा, तो जानेवारी सरेपर्यंत. मुलं अंधुक उजेडात मैदानाला चकरा मारायची, गुडघे वर घेत पळायची, पाय झटकायची, आणि मग एकेक करून अण्णांपुढं येऊन मान खाली घालून उभी राहायची. मुली वेणी हातानं वर धरायच्या. अण्णा स्वेटरच्या खिशातून उजवा हात काढून मानेवर मागं तळवा ठेवायचे, क्षणभर थांबायचे. कोरडी लागली तर म्हणायचे, "इल्ला", म्हणजे नाही, की निघाली पोर आणखी एक चक्कर मारायला. ओली लागली तर "सरी", म्हणजे जा, स्पाइक्स घाल. ना घड्याळ, ना यंत्र, नुसता हात. मुलं त्याची नक्कल करायची, एकमेकांच्या मानेवर हात ठेवून "इल्ला, इल्ला" करायची, पण त्या हाताखालून चुकून कुणी सुटत नव्हतं.

मी एकदा विचारलं होतं, एवढं काय असतं हो त्या थंडीत? तेव्हा त्यांनी मला एका मुलाकडे बघायला लावलं. "चळीत माणूस पायानं नाही पळत अक्का, खांद्यानं पळतो," म्हणाले. आणि खरंच होतं. पोराचे खांदे कानांपर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या, मान ताठ. गुडघा वर जायचा नाही, म्हणून पाऊल आखूड पडायचं. मग ते भरून काढायला तो पाय लांब पुढं फेकायचा, आणि तो फेकलेला पाय मातीत रुतून शरीर ओढत न्यायचा. "इथं ताण," अण्णांनी स्वतःच्या मांडीच्या मागं चापट मारली. "स्नायू गार असला की रबरासारखा नाही, दोरीसारखा होतो. दोरी लांबत नाही. तुटते." मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, तुमची ही थंडी बघून आमच्याकडची म्हैससुद्धा हसेल.

डिसेंबरात मुलीची वेळ घसरली. मी गाडीत बसून माझ्या घड्याळावर तिची वेळ घ्यायचे, कुणाला न सांगता. ऑक्टोबरपेक्षा ती रोज मागं पडत होती, थोडीच, पण शंभर मीटरमध्ये थोडं म्हणजेच सगळं. मी अण्णांना गाठलं. ते म्हणाले, चळीत होतं असं, स्वल्प थांबा, फेब्रुवारीत वेळ आपोआप परत येईल, तोवर घड्याळ घरी ठेवा. फेब्रुवारी! चाचणी जानेवारीत आणि हे फेब्रुवारीचं बोलतात. मला ते सगळं नाचता येईना अंगण वाकडं वाटलं. त्यात आमची आणखी एक अडचण होती. बाकीची मुलं आसपासची, पायी घरी जाणारी. आम्हाला सव्वासातला निघावंच लागायचं. तिचा बारावीचा क्लास बेळ्ळंदूरला साडेआठला, आणि सव्वासातचे साडेसात झाले की रिंग रोडवर कपाळाला हात लावून बसायचं. मैदानावर सहाला सुरुवात. उन्हाळ्यात वीस मिनिटांत अंग गरम व्हायचं, आता अण्णांच्या त्या हाताला पाऊण तास पुरत नव्हता. म्हणजे पहाटे चारला उठून, अख्खं शहर ओलांडून, पोरगी ब्लॉकवरून पळणार किती वेळा? तीनदा. फार तर चारदा. माझं डोकं फिरायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत झाली होती, फक्त गुडघा तिचा होता.

आमच्या इमारतीखाली गाड्या लावायला दोन मजले आहेत, जमिनीच्या खाली. खालच्या मजल्यावर वारा अजिबात नसतो, डिसेंबरातही उबदार असतं. एक दिवस पहाटे गाडी काढताना माझ्या डोक्यात आलं, अंग इथंच गरम केलं तर? दुसऱ्या दिवसापासून मी तिला अर्धा तास आधी उठवलं. खांबांच्या मधल्या रस्त्यात ती पळायची, गुडघे वर, पाय झटक, सगळं. मग तिच्या अंगावर दोन स्वेटर आणि वर माझी शाल. गाडीत बसवायची, काचा बंद, हीटर पूर्ण. पन्नास मिनिटांचा रस्ता. काचांवर वाफ धरायची, मी एका हातानं फडक्यानं पुसत गाडी चालवायचे, आणि ती शेजारी लालबुंद होऊन बसलेली असायची. मैदानाशी पोचेपर्यंत मानेवरून घामाची धार. मी शाल काढून घ्यायचे, ती उतरायची.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "आई, अण्णांना सांगायचं ना?"

"कायले?" मी म्हटलं. "त्यांना पटणार नाही. उगाच पाच मिनिटं भाषण ऐकावं लागेल. आपण काय खोटं बोलून राहिलो का? घाम तुझाच आहे नं?"

मग रोज ती मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून आत शिरायची, अर्धी चक्कर मारायची आणि कधीची आलेली असल्यासारखी अण्णांपुढं जाऊन मान वाकवायची. हे पलीकडून शिरण्याचंही मीच सुचवलं होतं. अण्णांनी पहिल्या दिवशी हात ठेवला आणि चकित होऊन म्हणाले, "अरे वा, पुट्टी! सरी, सरी!" ती हसली. मी गाडीत मांडीवर थाप मारली. त्या दिवशी तिचे ब्लॉकवरून आठ स्टार्ट झाले. आठ! मला वाटलं, बघा, सुंठीवाचून खोकला गेला.

हे आठ दिवस चाललं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती मान वाकवताना हसेनाशी झाली. मला वाटलं झोप झाली नसेल. आणखी एक गोष्ट झाली, ती मी पाहिली, ऐकली, आणि सोडून दिली. अण्णा तिला पळताना बघत होते, भुवया आकसून. स्टार्ट झाल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं, परत एकदा मानेवर हात ठेवला. मग कुंपणाजवळ येऊन मलाच म्हणाले, "अक्का, कळत नाही मला. खांदे चळीतले आहेत, पाऊल चळीतलं आहे. घाम मात्र आहे." थोडं थांबून स्वतःच मान हलवली. "हात खोटं सांगत नाही. डोळे म्हातारे झाले असतील."

तेव्हा माझं तोंड उघडलं असतं तर? मी म्हटलं, चाचणीचं दडपण असेल हो. इतकं सहज म्हटलं.

चाचणीला तीन दिवस होते, त्या पहाटे धुकं होतं. बंगलोरचे ते वर्षातले सगळ्यांत गार दिवस. मी तरीही चप्पल घालूनच निघाले होते. खाली खांबांमध्ये तिचं नेहमीचं पळणं झालं, शाल, हीटर, सगळं झालं. वाटेत एके ठिकाणी रस्ता उकरून ठेवला होता आणि एक ट्रक त्यात आडवा अडकला होता. पन्नास मिनिटांच्या जागी पावणेदोन तास लागले. पावणेदोन तास पोरगी पाय दुमडून, पट्टा लावून, शालीत गुंडाळलेली बसून होती. मध्ये केव्हातरी ती म्हणाली, "आई, डावा पाय मागून आखडलाय. ओढ लागतेय."

"बसून बसून झालं असेल. उतरलीस की मोकळा होईल."

"नाही, वेगळं वाटतंय. आज मी मैदानावरच परत सगळं करते ना. उशीर झालाच आहे."

"तीन दिवस राहिले," मी म्हटलं. "आज नाटकं नको करू."

शब्द न् शब्द हेच बोलले मी. तिला ओढ लागतेय हे तिनं मला सांगितलं होतं, आणि मी तिला नाटकं नको म्हटलं होतं. आई म्हणून मी काय केलं असं कुणी विचारलं, तर हे केलं.

आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं, बाकीची मुलं स्पाइक्स घालून पळत होती. मातीवर दव इतकं की पावलांच्या खुणा काळ्या दिसत होत्या. ती पलीकडून शिरली नाही, वेळच नव्हता. सरळ अण्णांकडे गेली, वेणी वर धरली, मान खाली घातली. बाकीच्या मुलांच्या नादात ती केव्हा आली हे त्यांनी पाहिलं नसावं. अण्णांनी हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला. मी काच खाली करून बघत होते आणि माझ्या तोंडावर आलेला वारा चांगलाच बोचरा होता, हे मला आठवतं. मग अण्णा म्हणाले, "सरी."

पहिला स्टार्ट बरा झाला. दुसऱ्यात ती उठली तेव्हा खांदे कानांशी होते. तिसऱ्यात सात-आठ पावलं टाकली असतील. मला ती ऐकू येत होती, आणि एकाएकी एक पाऊल आलंच नाही. ती एका पायावर उड्या मारत पुढं गेली, डाव्या मांडीचा मागचा भाग दोन्ही हातांनी धरला आणि मातीत बसली. ओरडली नाही. अण्णा पळत तिच्याकडे गेले, मुलं गेली. ती त्या सगळ्यांच्या मधून गाडीकडे बघत होती. माझ्याकडे.

स्नायू बराच फाटला होता. सूज आली, आणि दुसऱ्या दिवशी मांडीपासून गुडघ्यामागपर्यंत काळंनिळं उतरलं. डॉक्टरांनी विचारलं, "वॉर्म-अप नीट झाला होता?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो." मग डॉक्टर सहज म्हणाले, कातडीला घाम आला म्हणजे आतला स्नायू गरम झाला असं नसतं, गरम झालेला स्नायूही बसून राहिलं की पुन्हा गार पडतो. कागदावर लिहिता लिहिता बोलले, आमच्यासाठी नव्हेच ते. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत राहिले. चाचणीच्या दिवशी ती घरी पायाखाली उशी घेऊन झोपलेली होती. मी ऑफिसला गेले, कारण घरात तिच्यासमोर बसवेना.

तिचे बाबा कामासाठी महिन्यातले वीस दिवस हैदराबादला असायचे. ते आले आणि भडकले. त्यांनी अण्णांना फोन लावला. "तुमच्या भरवशावर पोरगी सोडली होती आम्ही," म्हणाले. "थंडीत न तपासता पळवता कसं तुम्ही?" मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. सगळं ऐकू येत होतं. पलीकडून अण्णा काय म्हणाले ते नवऱ्यानं फोन ठेवल्यावर सांगितलं: "कबूल केलं त्यांनी. म्हणे माझी चूक, मी हात ठेवला होता, माझ्या हातानं मला फसवलं." मी कणीक मळत राहिले. मुलगी बाहेर सोफ्यावर होती. तिनं टीव्हीचा आवाज मोठा केला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ओरडा चालला होता राखणदाराच्या नावानं.

पाय चार महिन्यांत बरा झाला. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही, पळू दे. ती मे महिन्यात परत मैदानावर गेली. अण्णांनी तिला नव्या पोरीसारखं हळूहळू वर आणलं. पण मी गाडीत डोळे मिटून बसले की आता मला दोन वेगळे आवाज ऐकू यायचे. उजवं पाऊल पूर्वीचं, आणि डावं पाऊल वेळेच्या जरा आधी टेकलेलं, घाबरून ठेवलेलं. अण्णांनी दोन महिने प्रयत्न केले. मग एकदा म्हणाले, "पाय बरा आहे अक्का. पायाचा विश्वास गेला आहे." ऑगस्टात तिनं कॉलेजचं कारण सांगून जाणं बंद केलं. स्पाइक्स त्यांच्या पिशवीत, पिशवी चपलांच्या कपाटात. त्याबद्दल आम्ही दोघी बोललो नाही. खरं म्हणजे त्या पहाटेबद्दल आम्ही एकदाही बोललो नव्हतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, ते माझ्या पोरीनं मला ते वर्षभर न बोलता दाखवलं.

पुढचा डिसेंबर लागला. मैदानावरच्या दुसऱ्या एका मुलीची आई मला भाजीच्या दुकानात भेटली, ती कामानं आमच्याकडे आली होती. म्हणाली, अण्णा येत नाहीत हो आता. चळी सुरू झाल्यावर त्यांनी मुलांना सांगितलं, ऊन वर आल्याशिवाय पळायचं नाही, आणि ऊन वर येईपर्यंत तर शाळा भरतात, मग मुलं फुटली, काही दुसरीकडे गेली. "आम्ही म्हटलं, हात ठेवून बघा की पूर्वीसारखं. तर म्हणतात, माझा हात आता खरं सांगत नाही." घरी येऊन मी हे जेवताना बोलले. का बोलले कुणास ठाऊक, गप्प बसवेना म्हणून.

मुलीनं घास ताटात ठेवला. "तू सांगतेस की मी सांगू?"

"काय?"

"आई." एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही दोघी राजाजीनगरला त्यांच्या घरी गेलो. अण्णांनी दार उघडलं. स्वेटर, कानटोपी, वर्षभरात आणखी वाळलेले. मुलीला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी स्वतः कॉफी केली, स्टीलच्या पेल्यांतून आणली. मी पेला हातात घेतला नाही. सगळं सांगितलं. खांबांमधलं पळणं, शाल, हीटर, पलीकडच्या कोपऱ्यातून शिरणं, आखडलेला पाय, आणि मी म्हटलेलं नाटकं नको. रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांनी मलाच समजावलं असतं, म्हणून आवरलं. शेवटी म्हटलं, "तुमची काही चूक नव्हती अण्णा. मी केलं सगळं. हिला माहीत नव्हतं हे चुकीचं आहे."

"मला माहीत होतं," मुलगी म्हणाली. "चौथ्या दिवसापासून माहीत होतं."

अण्णा बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे हात बरोबर होता." मला मूर्खासारखं हलकं वाटलं. मी हो, हो म्हणणार, तेवढ्यात ते मुलीकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पुट्टी, तू रोज माझ्या हाताखाली मान देत होतीस. माहीत असून."

ती खाली बघत होती. मी वाट बघत होते की म्हणतील, जाऊ दे अक्का, झालं ते झालं. इकडची माणसं म्हणतात असं. ते म्हणाले, "कॉफी घ्या. गार होते."

चार दिवसांनी त्याच बाईचा फोन आला, अण्णा परत यायला लागले, पहाटेचं मैदान सुरू झालं. मुलीनं ते ऐकलं आणि कपाटातून पिशवी काढली. मी म्हटलं, चाचणी नाही, स्पर्धा नाही, पाय तसा, आता कशाला? ती म्हणाली, "जायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचला निघालो. तिनं गाडीत बसल्याबरोबर हीटर बंद केला आणि आपल्या बाजूची काच खाली केली. मीही माझ्या बाजूची केली. सगळ्या रस्त्यानं वारा आत येत होता. मी स्वेटर घालून आले होते, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तरी मला थंडी वाजत होती. काकडले मी. बंगलोरच्या थंडीत.

मैदानावर सात-आठ मुलं होती. ती समोरच्या फाटकातून आत गेली आणि चकरा मारायला लागली. अण्णांनी तिला पाहिलं, मान हलवली. पाऊण तासानं मुलं एकेक करून त्यांच्यापुढं यायला लागली. अण्णा खिशातून हात काढत होते, मानेवर ठेवत होते. "इल्ला." "सरी." "सरी." मग माझी मुलगी आली. तिनं वेणी वर धरली, मान खाली घातली आणि उभी राहिली.

अण्णांनी हात खिशातच ठेवला. "आला का घाम?" त्यांनी विचारलं.

वर्षानुवर्षं मी त्या मैदानाबाहेर बसले होते, त्यांनी कुणालाच हे तोंडानं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ती तशीच वाकून उभी होती, वेणी हातात. मला गाडीतून तिची उघडी मान दिसत होती. मग तिनं वेणी सोडली. "इल्ला, अण्णा," म्हणाली, आणि पुन्हा चक्कर मारायला निघाली.

ती परत आली, अण्णांनी परत विचारलं, ती परत इल्ला म्हणाली. तोवर तिचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता. कपाळावरून घाम ओघळत होता, तो मला कुंपणाबाहेरून दिसत होता, तर अण्णांना दिसत नव्हता का? तिसऱ्यांदाही तेच झालं. बाकीची मुलं स्पाइक्स घालून ब्लॉकवर गेली, आणि ही आपली साध्या बुटांत, लाल मातीवरून, एक पाऊल पूर्वीचं आणि एक घाबरलेलं, कडेकडेनं फिरत राहिली.

सव्वासात वाजून गेले. मी तिला हाक मारली नाही.